अंधांचा वाटाड्या

महाभारताच्या अखेरीस पांडव हिमालयाच्या वाटेने निघाले तेव्हा द्रौपदी आणि चौघे भाऊ एकामागून एक वाटेत पडले. शेवटपर्यंत युधिष्ठिराच्या पाठीशी राहिले ते एक कुत्रे. त्या कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास धर्मराजाने नकार दिला, ही कथा मराठी घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. कॅथॉलिक बायबलातील ‘तोबित’ नावाच्या पुस्तकातही असेच एक कुत्रे आहे. तोबित हा वृद्ध, सत्त्वशील, परंतु आंधळा झालेला गृहस्थ. दूरच्या नगरात ठेवलेले पैसे आणण्यासाठी त्याचा मुलगा तोबिया प्रवासास निघतो, एक देवदूत मनुष्यरूपाने त्याची सोबत करतो, आणि घरचे कुत्रे त्या दोघांच्या मागोमाग चालू लागते. बायबलात कुत्र्याचा उल्लेख बहुधा तुच्छतेनेच येतो. जिव्हाळ्याने आलेला असा हा जवळजवळ एकमेव. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात तर परतीच्या वेळी ते कुत्रे शेपूट हलवीत सर्वांच्या आधी घरी पोहोचते.

ह्या दोन्ही कथांतील कुत्री माणसाबरोबर चालतात, पण त्यांच्याकडून कोणी काही काम घेत नाही. तोबितच्या कथेत एक गोष्ट वाचणाऱ्याच्या ध्यानातून सहज निसटते. घरात आंधळा आहे तो बाप. आणि कुत्रे जाते ते डोळस मुलाबरोबर, ज्याच्या दिमतीला प्रत्यक्ष देवदूत आहे. मुलगा आल्याचे कळताच तो म्हातारा एका पोराचा हात धरून, ठेचाळत ठेचाळत दाराकडे धावतो, असे जेरोमने लिहिले आहे. कुत्रे घरी ठेवावे आणि बापाने त्याच्या आधाराने हिंडावेफिरावे, हा विचार त्या कथाकाराच्या मनाला शिवलेला दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही. कुत्रा आंधळ्याच्या उपयोगी पडेल ही कल्पना जुनी असली, तरी तो नेमका कसा उपयोगी पडेल हे उमगायला विसावे शतक उजाडावे लागले.

शिकार, राखण, मेंढरे वळणे ही कामे कुत्रा हजारो वर्षे करीत आला आहे. त्या कामांत माणसाने कुत्र्याच्या अंगच्या उपजत ओढीला केवळ वळण लावले. पाठलाग करणे, कळप वेढणे, परक्यावर भुंकणे हे सारे लांडग्याच्या वंशजाला शिकवावे लागत नाही. आवरावे मात्र लागते. आंधळ्याला चालविणे हे असे काम नव्हे. डोक्याएवढ्या उंचीवर आडवी आलेली फांदी कुत्र्याला अडवीत नाही. तो तिच्याखालून खुशाल निघून जातो. आपल्या मागे येणारा प्राणी दोन पायांवर उभा आहे आणि त्याचे कपाळ त्या फांदीवर आदळणार आहे, हे कुत्र्याने का म्हणून ध्यानात घ्यावे?

इटलीत व्हेसुव्हियसच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरात एक भित्तिचित्र सापडले आहे. त्यात कुत्र्यामागून चालणारा एक आंधळा दाखविला असावा, असे अभ्यासक मानतात. युरोपातील मध्ययुगीन चित्रांतही हातात काठी, कमरेला वाडगा आणि पुढे दोरीने बांधलेले कुत्रे अशा थाटाचा आंधळा अधूनमधून भेटतो. तो बहुतेक भिकारीच असतो. ही दोरीच सगळ्या घोटाळ्याचे मूळ होती. दोरी ताणली गेली म्हणजे कुत्रा पुढे जात आहे एवढेच कळते. ती सैल पडली की कुत्रा थांबला, वळला की मागे आला, ह्याचा काहीच पत्ता लागत नाही. दोरीतून ओढ कळते, पण थांब कळत नाही. आणि आंधळ्याच्या जिवाची काळजी असते ती थांबण्यात. असे कुत्रे रोजच्या सरावाने ठरावीक रस्त्याने ठरावीक चर्चच्या दारापर्यंत आपल्या धन्याला नेई, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मनात दया उत्पन्न करी. त्याचे खरे काम बहुधा हे दुसरेच होते.

ह्या दयेच्या पलीकडे जाण्याचे प्रयत्न तुरळक झाले. पॅरिसमध्ये राजा नववा लुई, ज्याला चर्चने पुढे संतपद दिले, त्याने १२६० च्या सुमारास तीनशे अंधांसाठी एक आश्रम स्थापन केला. त्याचे नाव ‘कॅंझ-व्हॅं’, म्हणजे ‘पंधरा विसा’. आपल्याकडील जुन्या आजीबाई विसाच्या हिशेबाने मोजदाद करीत, तसेच हे नाव. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या आश्रमात कुत्र्यांना अंधांसाठी शिकविण्याचा प्रयत्न झाल्याचे सांगतात. त्याच सुमारास, १७८८ मध्ये, व्हिएन्ना शहरात योझेफ रायझिंगर नावाच्या चाळण्या विणणाऱ्या एका अंध कारागिराने आपले स्पिट्झ जातीचे कुत्रे इतके तयार केले होते, की हा मनुष्य खरोखर आंधळा आहे की नाही ह्याचीच लोक शंका घेत. ह्याच व्हिएन्नात अंधांचे विद्यालय स्थापन करणारे योहान व्हिल्हेल्म क्लाइन ह्यांनी १८१९ साली अंधशिक्षणावरील आपल्या ग्रंथात ह्या विषयाला जागा दिली. दोरीऐवजी कुत्र्याच्या अंगाला ताठ दांडी जोडावी, म्हणजे त्याचे वळणे आणि थांबणे हाताला तत्काळ समजेल, ही त्यांची सूचना होती. एवढीशी गोष्ट, पण सर्व मर्म तिच्यात होते. १८४७ मध्ये याकोब बिरर नावाच्या एका अंध स्विस गृहस्थाने आपणच शिकविलेल्या कुत्र्याबरोबरच्या पाच वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. तरीही पुढे कोणी हालचाल केली नाही. अंध मनुष्य एकटा बाहेर पडू इच्छितो, हेच समाजाला पटलेले नव्हते. त्याची जागा आश्रमात, नाही तर चर्चच्या पायरीवर. जेथे जायचेच नाही तेथे वाटाड्या कशाला?

पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. तोफगोळ्यांचे तुकडे, सुरुंग आणि विषारी वायू ह्यांनी हजारो तरुण सैनिकांची दृष्टी नेली. हे जन्मांध नव्हते आणि भिकारीही नव्हते. कालपर्यंत ते कारकून, सुतार, शिक्षक, शेतकरी होते. त्यांच्या घरी बायकामुले होती आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य होते. राष्ट्राने त्यांना युद्धावर धाडले होते. तेव्हा पायरीवर बसा, असे राष्ट्र त्यांना सांगू शकत नव्हते.

जर्मनीत त्या वेळी रणांगणावर जखमी सैनिक हुडकून काढणाऱ्या कुत्र्यांची संघटना जोरात काम करीत होती. ओल्डेनबुर्ग येथील डॉक्टर गेऱ्हार्ड श्टालिंग ह्यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. त्यांच्याविषयी एक हकीकत नेहमी सांगितली जाते. रुग्णालयाच्या आवारात एका अंध सैनिकाला फिरवीत असता डॉक्टरांना तातडीचे बोलावणे आले, आणि रुग्णाजवळ आपला कुत्रा ठेवून ते निघून गेले. परत येऊन पाहतात तो कुत्रा त्या सैनिकाला जणू सांभाळून चालवीत होता. हकीकत अशीच घडली की पुढे तिला गोलाई आली, हा प्रश्न गौण आहे. ऑगस्ट १९१६ मध्ये श्टालिंग ह्यांनी ओल्डेनबुर्गला अंधांसाठी कुत्रे तयार करणारी जगातील पहिली शाळा काढली, हे मात्र निर्विवाद. थोड्याच वर्षांत जर्मनीच्या अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या. १९२६ मध्ये हे काम बंद पडले. परंतु तोपर्यंत बर्लिनजवळ पोट्सडाम येथे दुसरी मोठी शाळा १९२३ पासून सुरू झाली होती.

ह्या शाळांत निवडले गेले ते जर्मन शेफर्ड जातीचे कुत्रे. आपल्याकडे ह्या कुत्र्याला ‘अल्सेशियन’ म्हणण्याची जी रीत पडली, तीही त्याच युद्धाची देणगी. युद्धानंतर इंग्लंडात ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला, म्हणून १९१९ मध्ये तेथील श्वानसंस्थेने बिचाऱ्या कुत्र्याचे राष्ट्रीयत्व बदलून टाकले. ते त्याला परत मिळाले १९७७ मध्ये!

शिक्षणाची रीत कशी होती? कुत्र्याच्या अंगावर चामड्याचा पट्टेबंद साज आणि त्यातून वर आलेली ताठ मूठ. मूठ धरणारा चालतो कुत्र्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे कुत्र्याच्या खांद्याची प्रत्येक हालचाल त्याच्या डाव्या हातात उतरते. पदपथाची कड आली की कुत्र्याने थांबायचे. जिना चढता असो की उतरता, पहिल्या पायरीपाशी थांबायचे. वाटेत खांब, हातगाडी, खड्डा असेल तर वळसा घालायचा. आणि तो वळसा स्वतःच्या अंगापुरता नव्हे, बाजूच्या माणसाच्या रुंदीचा हिशेब धरून घालायचा. उंचीचा धडा ह्याहून अवघड. हॅम्बर्ग येथील जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन उक्सक्युल ह्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत ह्यावर एक साधी युक्ती काढली. माणसाच्या उंचीचा सांगाडा चाकांवर बसवून तो त्यांनी कुत्र्याला जोडला. सांगाडा जेथे अडकेल तेथे कुत्र्यालाही धक्का बसे. कुत्र्याचे जग आणि माणसाचे जग एकाच रस्त्यावर असूनही वेगवेगळे आहे. उघड्या खिडकीचे तावदान माणसाच्या जगात अडथळा असतो, कुत्र्याच्या जगात ते अस्तित्वातच नसते. त्या सांगाड्याने माणसाच्या जगातील अडथळे कुत्र्याच्या जगात आणून ठेवले.

सर्वांत कठीण धडा वेगळाच होता. कुत्र्याला आज्ञा पाळायला शिकविणे हे शिकविणाऱ्याचे नेहमीचे काम. येथे त्याला आज्ञा मोडायला शिकवावे लागे. धनी ‘पुढे’ म्हणतो, पण समोरून मोटार भरधाव येत आहे. अशा वेळी कुत्र्याने हलायचे नाही. धनी रागावला, पुन्हा ‘पुढे’ म्हणाला, तरी हलायचे नाही. जो कुत्रा सदैव आज्ञाधारक तो ह्या कामाला निरुपयोगी. आणि जो मन मानेल तेव्हा आज्ञा मोडतो तोही निरुपयोगी. आज्ञाभंग केव्हा करावा ह्याचे तारतम्य असलेला कुत्रा हवा. लष्करी शिस्तीच्या त्या देशात, लष्करातून आलेल्या अंधांसाठी, ही विद्या सिद्ध व्हावी हा एक चमत्कारच म्हणावयाचा.

पोट्सडामची वार्ता जर्मनीबाहेर नेली ती एका अमेरिकन बाईंनी. डोरोथी हॅरिसन यूस्टिस ह्या फिलाडेल्फियाच्या संपन्न घराण्यातील. स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावाजवळच्या डोंगरावर त्यांनी ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ नावाचे केंद्र उभारले होते. तेथे त्या जॅक हम्फ्री ह्या कसबी शिक्षकाच्या मदतीने लष्कर आणि पोलीस ह्यांच्यासाठी शेफर्ड कुत्रे पैदा करून शिकवीत. पोट्सडामची शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि तिच्यावर ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ ह्या अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. तो ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकात आला. अंधांसाठी शाळा काढण्याचा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हता. पण लेखावर पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांतले एक पत्र टेनेसी राज्यातील नॅशव्हिल गावाहून आलेले होते.

पत्र पाठविणारा मॉरिस फ्रँक त्या वेळी अवघा एकोणीस वर्षांचा होता. सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून त्याचा एक डोळा गेला होता, आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसरा. तो महाविद्यालयात शिकत होता, विम्याचा धंदा करीत होता, आणि हिंडण्याफिरण्यासाठी पैसे देऊन ठेवलेल्या पोरांचा हात धरीत होता. ही पोरे कधी कंटाळत, कधी वेळेवर येतच नसत. लेख त्याला वडिलांनी वाचून दाखविला. चारच दिवसांनी त्याने यूस्टिसबाईंना लिहिले, की आपल्याला असा एक कुत्रा मिळवून द्यावा. तो घेऊन आपण अमेरिकेत परत येऊ आणि इतर अंधांनाही ही विद्या मिळेल अशी व्यवस्था करू. स्वतःपुरते मागणे त्या पत्रात नव्हते. पुढचा सारा इतिहास ह्या एका गोष्टीवर उभा आहे.

१९२८ च्या वसंतात तो स्वित्झर्लंडला गेला. अटलांटिकच्या ह्या प्रवासात त्याला एका प्रवासी कंपनीच्या हवाली जवळजवळ पार्सलाप्रमाणे करण्यात आले होते. ठरल्या वेळी खोलीबाहेर काढावे, फिरवून आणावे, पुन्हा खोलीत बंद करावे, असा कार्यक्रम. व्हेवेला त्याची गाठ पडली ती ‘किस’ नावाच्या शेफर्ड कुत्रीशी. भर रस्त्यात एका तरुणाने ‘किस, किस’ म्हणून हाका मारणे प्रशस्त दिसेना, म्हणून त्याने तिचे नाव ठेवले ‘बडी’, म्हणजे दोस्त. पुढील काही आठवडे हम्फ्रींनी दोघांनाही सारखेच राबविले. कुत्रीचे शिक्षण आधी झाले होते. आता पाळी होती मॉरिसची. मुठीतून येणारी सूचना ओळखणे, कुत्रीवर विश्वास टाकणे, तिच्या चालीने झपझप चालणे आणि तिने योग्य काम केले की तोंडभर शाबासकी देणे, हे सारे त्याला शिकावे लागले. आंधळा मनुष्य स्वभावतः पाऊल चाचपत टाकतो. ती सवय मोडणे हे कुत्रीला शिकविण्यापेक्षा कठीण होते.

ह्या मुक्कामातील एक प्रसंग मॉरिस पुढे आवडीने सांगे. एके दिवशी त्याला केस कापून घ्यावेसे वाटले. घरी असताना वडील कामावर जाता जाता त्याला न्हाव्याच्या दुकानात सोडीत, आणि केस कापून झाल्यावरही कोणी न्यायला येईपर्यंत तो खुर्चीवर बसून राही. व्हेवेत तो बडीची मूठ धरून गावात गेला, केस कापविले आणि आपल्या पायांनी परत आला. आल्यावर तो आनंदाने हसत सुटला. डोळस माणसाला ह्यात कसले आले आहे अप्रूप? पण केस केव्हा कापावे हे स्वतः ठरविण्याची मुभा ज्याला सोळाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच मिळाली, त्याने हसू नये तर काय करावे? अंधाचे दुःख अंधारात आहे असे डोळस माणसे समजतात. त्याचे पुष्कळसे दुःख त्या न्हाव्याच्या खुर्चीवर ताटकळत बसण्यात असते.

जून १९२८ मध्ये मॉरिस आणि बडी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. वार्ताहर जमले होतेच. कुत्री आंधळ्याला रस्ता पार करवून देते, ही गोष्ट त्यांना थट्टेची वाटत होती. गोदीजवळचा ‘वेस्ट स्ट्रीट’ ओलांडून दाखव, असे आव्हान त्याला देण्यात आले. हा रस्ता कसला होता ह्याची मॉरिसला कल्पना नव्हती. रुंद, आणि मोठमोठ्या मालमोटारी, टॅक्सी ह्यांनी ओसंडणारा. त्याने होकार दिला आणि बडीला ‘पुढे’ अशी आज्ञा केली. ती चार पावले चालली, थांबली. मागे सरली. पुन्हा निघाली. चोहोकडून भोंगे वाजत होते, चालक ओरडत होते, आणि काही क्षणांतच मॉरिसला दिशांचे भान उरले नाही. पुढे जायचे की मागे, हे ठरविणे त्याच्या हातात राहिले नव्हते. होती ती फक्त मूठ. अखेर पलीकडच्या पदपथाची कड पायाला लागली. त्याने गुडघ्यावर बसून कुत्रीच्या गळ्यात हात टाकले. आव्हान देणाऱ्या वार्ताहरांना मात्र पलीकडे यायला अंमळ वेळच लागला. त्याने यूस्टिसबाईंना एकाच शब्दाची तार केली: ‘यश’.

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिल येथे ‘द सीइंग आय’, म्हणजे ‘पाहणारा डोळा’, ही संस्था स्थापन झाली. लवकरच ती न्यू जर्सी राज्यात गेली आणि आज तेथेच मॉरिसटाउन गावी तिचे काम चालू आहे. ह्या संस्थेने एक नियम केला, त्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. कुत्रा फुकट द्यायचा नाही. त्याला लागणारा खर्च प्रचंड, तो देणग्यांतून भागे. परंतु घेणाऱ्याने पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर भरायचे, सवडीने हप्त्यांनी भरले तरी चालतील. संस्थेच्या पहिल्या दशकात ठरलेला हा आकडा पुढे कित्येक दशके तसाच ठेवण्यात आला. ह्या रकमेने संस्थेची तिजोरी भरणार नव्हती. चर्चच्या पायरीवरील वाडगा आणि ही मूठ ह्यांत अंतर राहावे, हा त्यातील उद्देश.

रस्ता ओलांडणे सोपे गेले. दारे उघडणे अवघड. खाणावळी, उपाहारगृहे, आगगाड्या, सगळीकडे कुत्र्यांना मज्जाव होता. बडीला सामानाच्या डब्यात ठेवा असे सांगण्यात येई. आपले डोळे सामानाच्या डब्यात ठेवून प्रवास कसा करावा, हे मॉरिसला समजेना. तो गावोगाव हिंडला, सभांत बोलला, अधिकाऱ्यांना भेटला, पुनःपुन्हा भेटला. १९३५ पर्यंत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी अशा कुत्र्यांना डब्यात प्रवेश दिला. आणि १९५६ पर्यंत सर्व राज्यांत सार्वजनिक जागी त्यांना मुभा देणारे कायदे झाले होते. बडी हे पाहायला नव्हती. ती १९३८ मध्ये वारली. मॉरिसने त्यानंतरच्या प्रत्येक कुत्र्याचे नाव ‘बडी’च ठेवले. १९८० मध्ये तो निवर्तला.

इंग्लंडातील कामही व्हेवेचेच अपत्य. म्यूरिएल क्रूक आणि रोझमंड बाँड ह्या दोघी श्वानप्रेमी स्त्रियांच्या विनंतीवरून यूस्टिसबाईंनी तेथे एक शिक्षक पाठविला, आणि १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या समोरील वॉलसी गावी, एका भाड्याच्या मोटारखान्यात पहिली शाळा भरली. ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा अशी पहिल्या चौघी कुत्रींची नावे.

पुढे ह्या कामात लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर ह्या जाती अधिक रुळल्या. त्या स्वभावाने मवाळ, आणि नव्या धन्याशी लवकर जुळवून घेणाऱ्या. पिल्लू प्रथम एखाद्या कुटुंबात वर्षभर वाढते. बाजार, शाळेची पोरे, पाऊस, फटाके, हे सारे त्याने पाहिले-ऐकले पाहिजे. मग ते शाळेत परत येते. ज्या घराने त्याला अंगावर खेळवून वाढविले, त्यानेच ते हसतमुखाने परत द्यायचे. ह्या घरांना कोणी पदके देत नाही. सगळी पिल्ले उत्तीर्ण होतात असेही नाही; एखादे खारीच्या मागे धावते, एखाद्याला मोटारींची भीती वाटते, त्यांना घरगुती कुत्रे म्हणून सुखाने राहू देतात. उत्तीर्ण झालेल्या कुत्र्याची जोडी लावतात ती वधूवरांची लावावी तशी: चालीचा वेग, अंगातील जोर, स्वभाव, राहण्याचे ठिकाण, सारे पाहून. सात-आठ वर्षे काम केल्यावर कुत्रे थकते, आणि मग धन्याला दुसऱ्या कुत्र्याशी नव्याने जुळवून घ्यावे लागते. हे दुसरेपण फार जड जाते.

‘अंधांचा वाटाड्या’ हे नाव रूढ असले, तरी ते निम्मेच खरे आहे. वाट कुत्र्याला ठाऊक नसते. पोस्टात जायचे की बाजारात, हे कुत्र्याला कोण सांगणार? उजवीकडचा तिसरा चौक, मग डावीकडचे वळण, हा नकाशा माणसाच्या डोक्यात असतो. पावलापावलाला ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे तोच सांगतो. चौकातील दिव्याचा रंगही कुत्रा वाचीत नाही. त्याच्या डोळ्याला लाल आणि हिरवा ह्यांतील भेद आपल्यासारखा दिसतच नाही. वाहनांचा आवाज ऐकून निघण्याची वेळ माणसाने ठरवायची, आणि त्याचा अंदाज चुकला तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. कुठे जायचे हे एकाने ठरवायचे, पाऊल कुठे पडेल हे दुसऱ्याने. दोरीच्या काळात कुत्रा आंधळ्याला ओढून नेई. मुठीच्या काळात आंधळा आपल्या मर्जीने जातो.

भारतात असे कुत्रे आजही अगदी विरळा. कारणे शोधायला फार लांब जायला नको. पदपथ म्हणून जे काही आहे त्यावर दुकाने मांडलेली. गल्लीगल्लीत मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या, ज्या परक्या कुत्र्याला सुखाने जाऊ देत नाहीत. देवळात, खाणावळीत, एसटीत कुत्र्याला मज्जाव. बहुतेक अंध पांढऱ्या काठीवर भिस्त ठेवतात, आणि ती काठी कुशलतेने चालविणारे कितीतरी जण कुत्र्यावाचून सर्व शहर पायाखाली घालतात. काठी खात नाही, आजारी पडत नाही, मरत नाही, हेही खरे. परंतु ज्या शहरात कुत्र्यासह आंधळा सुखरूप चालू शकत नाही, त्या शहरात काठीवाल्याची वाटही सुखाची नसते, हे नगरपालिकांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळले तेव्हा त्या इमारतीत असे दोन कुत्रे कामावर होते. एकाहत्तराव्या मजल्यावर ओमार रिव्हेरा हे अंध गृहस्थ आपल्या सॉल्टी नावाच्या कुत्र्यासह होते. जिन्यात गर्दी, धूर, उष्णता. निदान कुत्र्याने तरी जीव वाचवावा म्हणून त्यांनी त्याला मोकळे सोडले. गर्दीने सॉल्टी काही काळ दूर लोटला गेला आणि पुन्हा त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला. दोघे बरोबरच खाली उतरले.

अठ्ठ्याहत्तराव्या मजल्यावर मायकेल हिंग्सन हे जन्मापासून अंध असलेले अधिकारी होते. त्यांची रोझेल ही पिवळसर लॅब्राडोर कुत्री मेजाखाली झोपली होती. खिडकीतून ज्वाळा दिसताच सहकारी घाबरून गेला. हिंग्सन ह्यांना ज्वाळा दिसत नव्हत्या. पण रोझेल शांत आहे हे त्यांना कळत होते, आणि त्यावरून त्यांनी ताडले की ह्या घटकेला ह्या जागी तरी तिला धोका जाणवत नाही, तेव्हा नीट विचार करून निघण्याइतका अवधी आहे. इमारतीचे जिने, दालने, बाहेर पडण्याच्या वाटा त्यांनी पूर्वीच घोकून ठेवल्या होत्या. १,४६३ पायऱ्या उतरून ती दोघे बाहेर आली. कुत्रीने आपल्याला बाहेर नेले असे लोक म्हणतात, ते ऐकून हिंग्सन नेहमी दुरुस्ती करीत: वाट आपण सांगत होतो, सांभाळून चालविण्याचे काम तिचे होते.

रस्त्यावर येऊन फार वेळ झाला नव्हता तोच जवळचा दक्षिण मनोरा कोसळला. धुळीच्या लोटात डोळस माणसांनाही हातभर पुढचे दिसेना. हिंग्सन धावत होते, आणि कानाला उजवीकडे मोकळी जागा जाणवताच त्यांनी रोझेलला ‘उजवीकडे’ अशी आज्ञा केली. ती वळली, आणि लगेच थांबली. त्यांनी पाय पुढे करून चाचपून पाहिले. तो भुयारी रेल्वेच्या स्थानकाचा जिना होता, आणि रोझेल पहिल्या पायरीपाशी उभी होती.